‘सर, झोपला होतात का?’

रात्रपाळीतल्या सिस्टरने डॉक्टरांना फोन लावला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘सर, झोपला होतात का?’ पहाटेचे तीन वाजलेले असतात, माणूस झोपलेलाच असणार, हे तिलाही ठाऊक असतं. तरी विचारते. मग ‘सॉरी हं सर’. मग ‘सात नंबरची पेशंट जरा बरी वाटत नाहीये, एकदा बघून जाता का?’ तिकडून प्रश्न येतो, ‘काय होतंय?’ आणि तासभर बेडपाशी उभं राहून तिने जे जे पाहिलेलं असतं, ते सगळं त्या ‘जरा’त अडकून बसतं. दोन तासांत लघवी जेमतेम उतरली आहे, हातपाय गार पडलेत, संध्याकाळी नीट बोलणारी बाई आता लेकीला बहिणीच्या नावाने हाका मारते आहे. हे सगळं तिला दिसलेलं असतं. पण ‘मला हे सेप्सिस वाटतंय’ एवढं वाक्य काही तोंडातून बाहेर पडत नाही. पडलंच, तर ‘तुम्हाला वाटतंय?’ असा उलटा प्रश्न येईल, ही धास्ती.

मी आयुष्यभर नर्सिंग शिकवलं. सरकारी कागदावर माझं पद पाठ्यनिर्देशिका. पोरी मॅडम म्हणायच्या, गल्लीत आजही सिस्टरच म्हणतात. निवृत्तीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या माझ्या घरी संध्याकाळी चार-पाच जणी आणि एक ब्रदर अभ्यासाला यायला लागले. सगळे शहरातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत आयसीयू नाहीतर लेबर रूममध्ये ड्यूट्या करणारे, आणि सगळ्यांना नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं. माणसं नोकरीतली आहेत, म्हणून नावं सांगत नाही. गावांवरून ओळखू : कन्नडची, हिंगोलीची, जालन्याची. ब्रदर एकच होता, त्याला ब्रदर पुरे.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे कोण, हा प्रश्न प्रत्येकीच्या घरी आला आणि प्रत्येकीने निराळं उत्तर दिलं. कुणी ‘प्रमोशन’ सांगितलं, कुणी ‘एमएस्सीच, पण जरा वेगळी’. एकीने नवऱ्याला सरळ ‘अर्धी डॉक्टर’ म्हणून टाकलं आणि पुढे बराच काळ निस्तरत बसली. कल्पना जुनी आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून पहिला अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत डॉक्टर पोचत नव्हते, परिचारिका पोचत होत्या. तर मग तपासणं, रोग ओळखणं, ठरावीक मर्यादेत उपचार ठरवणं हे त्यांनाच रीतसर शिकवावं, इतका साधा तो विचार. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत वारल्या, १०४ वर्षांच्या होऊन. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षतेतला नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम आणला तो २०१६-१७ च्या सुमारास. बीएस्सी नर्सिंग आणि हातात अनुभव असलेल्यांसाठी दोन वर्षांचा, निवासी धर्तीवरचा. वर्गात पाचवा हिस्सा, बाकी सगळा वेळ रुग्णाच्या उशाशी. आठवड्याला किमान ४८ तास. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने प्रसूतिसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातून मिडवायफरीतल्या नर्स प्रॅक्टिशनरचा १८ महिन्यांचा मार्ग उघडला. हिंगोलीचीला तिकडे जायचं होतं, बाकीच्यांना अतिदक्षतेकडे.

नर्स प्रॅक्टिशनरचं काम म्हणजे तपासायचं, अंदाज बांधायचा, रुग्णालयाने आधी ठरवून दिलेल्या प्रोटोकॉलच्या चौकटीत उपचार सुरू करायचे, आणि खाली स्वतःची सही करायची. या सहीपाशीच सगळे अडत होते. कारण बाकीचं त्यांनी रात्री-अपरात्री केलेलंच होतं. कोविडच्या दोन लाटांत तर याच मुलींनी रुग्णांना पालथं झोपवलं, बायपॅपचे दाब कमी-जास्त केले, कुणाला आधी घ्यायचं ते ठरवलं. लाट ओसरल्यावर पुन्हा ‘सर, एकदा बघून जाता का’ सुरू झालं.

म्हणून मी पुस्तकं बाजूला ठेवून पहिले काही आठवडे नुसते फोन करायला लावले. मी झोपलेला डॉक्टर व्हायचे आणि समोरच्या खोलीतून एकीने मला फोन लावायचा. ‘झोपला होतात का’ म्हटलं की फोन कट. ‘जरा’ म्हटलं तरी कट. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतून दवाखान्यांत आलेली एक पद्धत आहे : परिस्थिती सांगा, पार्श्वभूमी सांगा, तुमचा अंदाज सांगा, काय हवं ते सांगा. पहिल्या दोन पायऱ्या पोरी सपासप चढायच्या. आकडे तोंडपाठ. तिसरीला आल्या की गप्प. ‘अंदाज सांग गं.’ ‘मॅडम, तो तर डॉक्टर सांगतील ना.’ ‘मग तू दोन वर्षं कशाला चाललीस?’ यावर हसू. ब्रदरची अडचण उलटी होती. तो तिसरी पायरी गाळून थेट चौथीवर उडी मारायचा : ‘सर, नॉरॲड लावू का?’ दाब वाढवणारं हे औषध का लावायचं, ते विचारलं की म्हणायचा, ‘आपण नेहमी लावतोच की.’

एका रात्री कन्नडचीने खरा फोन केला. शब्द तिने दुसऱ्या दिवशी मला जसेच्या तसे ऐकवले, कारण ते तिने फोनआधी हातमोज्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून काढले होते. ‘सर, आयसीयूतून सिस्टर बोलतेय. सात नंबर, वय बावन्न, मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी काल दाखल. मॅप अठ्ठावन्न आहे, दोन तासांत लघवी तीस एमएल, संध्याकाळपासून बडबडते आहे. फ्लुइड चालू आहे, तरी दाब येत नाहीये. मला सेप्टिक शॉक वाटतोय. कल्चरच्या बाटल्या काढून ठेवल्यात. नॉरॲडची ऑर्डर हवी आहे आणि तुम्ही यायला हवं आहे.’ पलीकडे शांतता. मग, ‘कोण बोलतंय?’ ‘सिस्टर, सर.’ ‘कोणती सिस्टर?’ हिने नाव सांगितलं. ‘आलो,’ म्हणाले आणि खरंच लगेच आले.

सकाळी राउंड संपल्यावर जाता जाता ते म्हणाले, ‘रात्री फोनवर मला रजिस्ट्रारच बोलतोय असं वाटलं.’ याचा आनंद मानावा की राग धरावा, हे तिला कळेना. इन्चार्ज सिस्टरांचं मत मात्र पक्कं होतं : ‘एवढं लांबलचक बोलायची काय गरज होती? बघून जा म्हटलं असतं तरी आलेच असते.’ परिसेविकेच्या खुर्चीत तीस वर्षं काढलेल्या बाईला हे असंच वाटणार, आणि त्यात तिची चूक आहे असं मी म्हणणार नाही. तिच्या काळात जास्त बोलणाऱ्या सिस्टरची ड्यूटी कुठे लागायची, हे आम्ही दोघींनी पाहिलं आहे. सात नंबरची बाई पुढे वॉर्डात गेली, तिथून घरी गेली.

अभ्यासाचं म्हणाल तर औरंगपुऱ्यातून सुरुवात झाली. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ब्रदरने त्रिपाठींचं फार्माकॉलॉजी आणलं. एमबीबीएसचं पुस्तक, आधीच्या मालकाने पानापानावर ‘व्हीव्ही आयएमपी’ लिहिलेलं. गंमत अशी की त्या पोराने ज्यांच्यावर काट मारली होती, म्हणजे परीक्षेला येत नाही म्हणून सोडून दिली होती, तीच औषधं आमच्या मंडळींच्या रोजच्या हाताखालची. ब्रदर शाईने त्या काटा खोडत बसायचा. कुठे कुठे समासात स्वतःची टीप : ‘हे येतं. रोज येतं.’

गणिताने मात्र घाम फोडला. जालन्याची सिरिंज पंपाची उस्ताद. साठ किलोचा रुग्ण, ५० एमएलमध्ये ४ मिलिग्रॅम नॉरॲड, किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचं, असं म्हटलं की ती डोळे न उचलता सांगायची, ‘साडेचार.’ पंपावर तासाला ४.५ एमएल. बरोबर. वहीत मांड म्हटलं की थांबायची. मिनिटाला ६ मायक्रोग्रॅम, तासाला ३६०, एका एमएलमध्ये ८०, भागिले केलं की साडेचार. चार ओळींचं गणित, पण ती म्हणायची, ‘मॅडम, मला हे आकड्यांनी येत नाही, पंपाने येतं.’ मग रुग्ण ४२ किलोचा केला, सिरिंजमध्ये दुप्पट औषध घातलं, तेव्हा पंपानेही येईना. त्या रात्री ती चिडून निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही घेऊन आली. ब्लडगॅसचं तसंच. पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, बायकार्बोनेट २२ ते २६, हा तक्ता कन्नडचीने स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीच्या वर भिंतीला चिकटवला. शेजारी गॅस सिलिंडर बुक केल्याची तारीख आणि पाण्याचा दिवस.

पाण्याच्या दिवसाबद्दल बाहेरगावच्या वाचकाला सांगावं लागेल. पैठणला नाथसागर भरलेला असला तरी आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येतं आणि कधी येईल त्याचा अंदाज बांधावा लागतो. पाणी आलं की अभ्यास नाही, हा आमच्या वर्गाचा पहिला नियम. कुणाचं हडकोतलं पाणी रात्री अकराला, कुणाचं पडेगावचं पहाटे. नाईट ऑफ, पाणी आणि मुलांची परीक्षा या तिन्हींतून वाचलेली संध्याकाळ म्हणजे आमचा तास. नर्सच्या अभ्यासाला वेळापत्रक द्यायला निघालेल्या पुस्तकी सल्लागारांनी एक आठवडा टीव्ही सेंटरच्या मागच्या गल्लीत राहून दाखवावं.

शरीरतपासणीचा सराव करायला माणसं लागतात. पोट तपासायचं, यकृताची कड शोधायची, छाती ठोकून आवाज ऐकायचा. दवाखान्यात ड्यूटीवर असताना हे करत बसलं तर बाकीची कामं कोण करणार? म्हणून प्रत्येकीने घरचं माणूस धरलं. कन्नडचीच्या वाट्याला सासूबाई आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी कुरकुर केली, दुसऱ्या दिवशी स्वतःच चटई टाकून आडव्या झाल्या. चौथ्या दिवशी अंगणात तीन बायका बसलेल्या. सासूबाईंनी गल्लीत सांगून टाकलं होतं, ‘आमच्या सुनेचा हात लई हलका. फुकट तपासती.’ एकीला गुडघा दाखवायचा होता, एकीला जावयाचे रिपोर्ट. तिसरीने मात्र खरंच पोट दाखवलं आणि हिच्या बोटांना डाव्या बरगडीखाली काहीतरी कडक लागलं. प्लीहा. हिने दोनदा तपासून पाहिलं, चिठ्ठीवर काय लागलं ते लिहिलं, आणि बाईला दुसऱ्या दिवशी घाटीच्या ओपीडीला पाठवलं. तिथे सोनोग्राफीत वाढलेली प्लीहा निघाली. सासूबाई हे आजही सांगतात. सून मात्र ती चिठ्ठी जपून आहे, कारण ‘लागलं’ असं स्वतःच्या सहीने तिने पहिल्यांदा लिहिलं होतं. एरवी नर्सेस नोट्समध्ये आम्ही काय लिहितो? ‘पेशंट शांत, तक्रार नाही, डॉक्टरांना कळवले.’ दिवसाची नोंद निळ्या शाईत, रात्रीची लाल, मजकूर तोच.

घाटीचं नाव आलं म्हणून. पाणचक्कीच्या अंगाने मकाई गेटकडे जाताना लागतं ते हे शासकीय रुग्णालय आणि महाविद्यालय १९५६ साली सुरू झालं. मराठवाडा तर आहेच, शिवाय बुलढाणा, जळगावकडची माणसंही इथेच येतात. सोयगावहून, हिंगोलीहून निघालेला रुग्ण इथे पोचेपर्यंत वाटेत किती वेळ गेला असेल, हे ॲम्ब्युलन्सचं दार उघडलं की कळतं. अतिदक्षतेतली नर्स प्रॅक्टिशनर मोठ्या शहरात हवी, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रवास एकदा करून पाहावा. माझ्या मते तिची खरी जागा वाटेतल्या उपजिल्हा रुग्णालयात आहे, जिथे रात्री डॉक्टर एकच असतो आणि तोही शवविच्छेदनापासून बाळंतपणापर्यंत सगळीकडे हवा असतो.

आणि हे काही परक्या मुलखातून आणलेलं खूळ नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना, ज्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. कोणतं मूल आज रात्रीत बिघडेल, कोणत्या गरोदर बाईला आत्ताच हलवायला हवं, हे त्या ठरवायच्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं. आमच्या वर्गात मी हे सांगितलं तेव्हा ब्रदर म्हणाला, ‘म्हणजे मॅडम, शाळा न शिकलेल्या बाईवर विश्वास ठेवला आणि बीएस्सीवाल्यांवर नाही?’ मी काही बोलले नाही. त्याला उत्तर नको होतं, चहा हवा होता.

हिंगोलीचीचा किस्सा वेगळ्या जातीचा. लेबर रूममध्ये तिची हयात गेली. आत येणाऱ्या बाईचं कण्हणं ऐकून ती सांगायची, ‘हिला अजून वेळ आहे, हिला आधी घ्या.’ तिला शिकवायचं काय, असा मलाच प्रश्न पडला. मग पार्टोग्राफ काढला. कळा किती, बाळाचे ठोके किती, गर्भाशयाचं तोंड किती उघडलं, हे दर ठरावीक वेळाने आलेखावर मांडत जायचं. आता पडद्यामागची गोष्ट सांगते, जी लेबर रूममध्ये काम केलेल्या प्रत्येकीला माहीत आहे : गर्दीच्या ठिकाणी हा आलेख बरेचदा बाळ झाल्यावर भरला जातो. बाळ आलं की उलटं मोजत यायचं, ठिपके द्यायचे, रेघ ओढायची. रेघ नेहमी सुंदर येते, कारण शेवट आधीच ठाऊक असतो.

मी तिला म्हटलं, महिनाभर ड्यूटीत दर वेळी एक तरी आलेख खरा भर. कळा चालू असताना. पहिल्या काही रात्री जमलं नाही. मग एकदा भरला आणि तिसऱ्या ठिपक्यालाच रेघ सावधानतेच्या रेषेला जाऊन टेकली. ‘मॅडम, एरवी मी थांबले असते. वाटलं असतं, होईल. पण कागद समोर होता, मग थांबता येईना.’ तिने डॉक्टरांना बोलावलं. बाळ सुखरूप झालं, नॉर्मलच झालं. कदाचित न बोलावताही झालं असतं. पण तेव्हापासून तिने मागून भरलेल्या आलेखावर सही करायचं सोडलं आणि त्यावरून थोडी वादावादीही झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जुन्या पार्टोग्राफच्या जागी नवा नमुना आणला, तो मी तिच्यापुढे ठेवला तेव्हा ती चक्रावली. कळांचा जोराचा टप्पा आम्ही चार सेंटिमीटरपासून धरायचो, तो आता पाचपासून. ते ठीक. पण वरच्या रकान्यांत विचारलंय : जवळ आपलं माणूस आहे का, वेदना कमी करायला काही केलं का, तोंडाने पाणी दिलं का, बाई कशी आहे, हिंडती-फिरती की उताणी? आणि उताणी असेल तर ती धोक्याच्या खुणेत जाते. ‘उताणी?’ ती म्हणाली. ‘आपण तर टेबलावर उताणी झोपल्याशिवाय बाईला हातच लावत नाही.’ तिच्या आजीने तिच्या आईला उकिडवं बसवून, छताच्या वाशाला दोर बांधून बाळंत केलं होतं. नर्सिंगला आल्यावर ती ही गोष्ट अडाणीपणा म्हणून कुणाला सांगत नसे. त्या संध्याकाळी तिने वर्गात सविस्तर सांगितली. दोर कुठे बांधायचा, मागून कोण धरायचं, सगळं. जालन्याचीने ते वहीत उतरवूनही घेतलं, म्हणजे कमाल झाली.

कागदपत्रांबद्दल लिहायचं टाळत होते, पण तयारीतला निम्मा काळ तिथेच गेला. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, दहावीच्या गुणपत्रिकेत आईच्या नावाची एक वेलांटी वेगळी. ऑनलाइन अर्जात तिन्ही नावं जुळली नाहीत की गाडी पुढे जात नाही. मग राजपत्रात नाव बदलून घ्यायचं. जालन्याचीचं नाव राजपत्रात आलं तेव्हा तिने पीडीएफची रंगीत प्रिंट काढून घरी ठेवली. सासऱ्यांनी ती पाहिली आणि संध्याकाळी पेढे आणले. त्यांना वाटलं, सून गॅझेटेड झाली. खरं काय ते सांगायचा धीर कुणाला झाला नाही. पेढे आमच्यापर्यंतही आले, आम्हीही खाल्ले.

अनुभवाच्या दाखल्याचं तर विचारू नका. दाखल्यात ‘अतिदक्षता विभाग’ हे शब्द हवेत. एका खाजगी दवाखान्याने ब्रदरला दाखला दिला तो ‘सर्व विभागांत समाधानकारक काम केले’ असा. कौतुक म्हणून छान, अर्जाला निरुपयोगी. तो पुन्हा गेला, पुन्हा तेच. शेवटी त्याने स्वतःच मसुदा टाइप करून नेला, तेव्हा त्यावर विनाचौकशी सही झाली. या प्रसंगाचा त्याच्यावर परिणाम असा झाला की त्यानंतर फोनच्या सरावात तो तिसरी पायरी गाळेनासा झाला. काय संबंध, विचारलं तर म्हणाला, ‘आपण लिहून नेलं की सही करतात, मॅडम. लिहून न्यायला पाहिजे.’

मधेच एक फूट पडली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याच्या बातम्या आल्या आणि शहरात जर्मनच्या शिकवण्यांच्या पाट्या दिसू लागल्या. जालन्याची डळमळली. काही दिवस ती माझ्याकडे येऊन एका वहीत ब्लडगॅस आणि दुसऱ्या वहीत ‘डेर, डी, डास’ लिहायची. तिला कुणी नावं ठेवू नयेत. कर्ज आहे, धाकटा भाऊ शिकतो आहे, आणि तिकडचा पगार कागदावर स्पष्ट लिहिलेला असतो. इकडे दोन वर्षांनी काय मिळेल, ते कुठे लिहिलं आहे? ती आता जर्मनचीच परीक्षा देते आहे. गणिताची शंभर पानी वही ती ब्रदरला देऊन गेली.

स्टेथोस्कोपचा विषय सगळ्यांत शेवटी निघाला. रक्तदाब मोजायला प्रत्येक वॉर्डात एक सामाईक असतोच. कानाला टोचणारा, नळी कडक झालेला. छातीतले आवाज शिकायचे तर स्वतःचा हवा. कन्नडचीने दिवाळीच्या बोनसमधून चांगला लिटमन घेतला आणि तो एप्रनच्या खिशात घालून हिंडू लागली. गळ्यात का नाही घालत? ‘नको मॅडम, मावशीसुद्धा विचारतात, काय सिस्टर, डॉक्टर झालात काय?’ खिशातून नळी बाहेर लोंबायची, ड्रॉवरच्या मुठीत अडकायची. एकदा सलाइनच्या स्टँडला अडकून स्टँडच खाली आला. त्यानंतर तिने तो गळ्यात घातला. दोन दिवस टोमणे झाले. तिसऱ्या दिवशी एका इंटर्नने विचारलं, ‘सिस्टर, तुमचा जरा द्याल का? माझा रूमवर राहिला.’ तिने दिला, आणि लगेच परतही मागून घेतला.

तिचा प्रवेश आता नक्की झाला आहे. परगावी, दोन वर्षं. मुलगी सासूबाईंकडे राहील. नवऱ्याने पाण्याच्या दिवसाची जबाबदारी घेतली आहे. कायद्याने आपल्याकडे काय पालटतंय तेही ती वाचते. १९४७ च्या परिचर्या परिषदेच्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला, त्याची प्रत तिने काढून घेतली आहे. तिला शोधायचं होतं ते एकच : परत आल्यावर आपण कोण? कारण अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका या उतरंडीत नर्स प्रॅक्टिशनर नावाची खुर्ची तिने तरी कुठल्या हजेरीपटावर पाहिलेली नाही, मीही नाही.

कार्यमुक्तीच्या आदेशासाठी ती आस्थापनेच्या टेबलाशी गेली तेव्हा तिने हा प्रश्न तिथे विचारलाच. फोनच्या सरावासारखा, सलग, न अडखळता : मी अमुक अभ्यासक्रमाला चालले आहे, दोन वर्षांनी परत येईन, तेव्हा माझी नेमणूक कोणत्या पदावर होईल असं तुम्हाला वाटतं, आणि ते मला लेखी हवं आहे. बाबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, ‘ते तुम्ही परत आल्यावर बघू, सिस्टर. आत्ता रजेचा अर्ज तीन प्रतींत द्या.’